विश्लेषण : एकही संवाद नसलेला खलनायक पडद्याच्या मध्यभागी कसा आला? ली व्हॅन क्लीफ आणि ‘चेहरा पाहून’ भूमिका देणारी चित्रपटसृष्टी

तीन माणसे, एक स्मशान आणि एकमेकांवर रोखलेले डोळे. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (1966) या चित्रपटाचा शेवट, तो पूर्ण न पाहिलेल्यांनीही रील किंवा मीममध्ये कधी ना कधी पाहिलेला असतो. त्या तिघांपैकी क्लिंट ईस्टवूड सगळ्यांना ओळखू येतो. एलाय वॉलक चित्रपटवेड्यांना माहीत असतो. तिसरा, काळ्या कपड्यांतला, बारीक डोळ्यांचा आणि ससाण्यासारख्या नाकाचा माणूस मात्र ‘तो व्हिलन’ म्हणूनच लक्षात राहतो. त्याचे नाव ली व्हॅन क्लीफ. या चित्रपटाच्या जेमतेम वर्षभर आधी आपल्याकडे टेलिफोनचे बिल भरायलाही पैसे नव्हते, असे तो पुढे मुलाखतींत सांगत असे.

त्याची गोष्ट बहुतेक वेळा ‘नशीब फळफळले’ या एका वाक्यात सांगून संपवली जाते. ती तेवढी सरळ नाही. तेरा वर्षे हॉलीवूडच्या डोळ्यांसमोर असलेला माणूस हॉलीवूडला का दिसला नाही, हा या गोष्टीतला खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर अभिनयापेक्षा भूमिका वाटण्याच्या पद्धतीत सापडते.

कोण होता ली व्हॅन क्लीफ?

जन्म 9 जानेवारी 1925, न्यू जर्सी राज्यातील सॉमरव्हिल. घराणे मूळचे डच. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात होता आणि सुरुंग काढणाऱ्या जहाजावर त्याने काम केले. युद्धानंतर त्याने हिशेबनिसाचे आणि कारखान्यात कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे मोजण्याचे काम केले. इंजिनीअरिंग शिकलेल्यांना ‘टाइम स्टडी’ हा शब्द ओळखीचा असेल. स्टॉपवॉच हातात घेऊन कामगाराशेजारी उभे राहायचे आणि त्याची प्रत्येक हालचाल नोंदवायची, असे ते काम.

हौस म्हणून तो गावातल्या नाटक मंडळीत शिरला. तिथून ‘मिस्टर रॉबर्ट्स’ या गाजलेल्या नाटकाच्या दौऱ्यावरील संचात त्याला जागा मिळाली. हा दौरा लॉस एंजेलिसला पोहोचला तेव्हा निर्माता स्टॅन्ली क्रेमरने त्याला रंगमंचावर पाहिले. क्रेमर त्या वेळी एका कमी खर्चाच्या वेस्टर्न चित्रपटाची जुळवाजुळव करत होता. तो चित्रपट होता ‘हाय नून’.

नाकाचे प्रकरण काय होते?

व्हॅन क्लीफ सांगत असे त्यानुसार, क्रेमरच्या मनात त्याच्यासाठी शेरीफच्या तरुण सहायकाची, म्हणजे हार्वे पेलची भूमिका होती. चांगली, भरपूर संवाद असलेली, नायक गॅरी कूपरशी थेट भिडणारी भूमिका. अट एकच होती. नाकावर शस्त्रक्रिया करून घ्यायची. ते नाक फार टोकदार होते, भल्या माणसाचे वाटत नव्हते. व्हॅन क्लीफने नकार दिला. ती भूमिका लॉइड ब्रिजेसकडे गेली आणि व्हॅन क्लीफच्या वाट्याला आला जॅक कोल्बी. रेल्वे स्थानकावर आपल्या म्होरक्याची वाट पाहणाऱ्या तीन गुंडांपैकी एक. पूर्ण चित्रपटात संवाद एकही नाही.

आता ‘हाय नून’ (1952) पुन्हा सुरुवातीपासून पाहा. चित्रपट उघडतो तो गॅरी कूपरवर नव्हे, ग्रेस केलीवरही नव्हे. श्रेयनामावली सुरू असताना माळरानावर एक माणूस दगडावर बसून सिगारेट ओढत असतो. कोणाची तरी वाट पाहत असतो. साथीदार दिसतात तसा तो उठतो. बस, इतकेच. तो माणूस व्हॅन क्लीफ आहे, आणि हा त्याचा आयुष्यातला पहिलाच चित्रपट. दिग्दर्शक फ्रेड झिनेमनला चित्रपटभर पसरणाऱ्या धास्तीची पहिली खूण म्हणून हाच चेहरा हवासा वाटला. पुढे स्थानकावर तो माउथ ऑर्गन वाजवत बसतो आणि तरी प्रेक्षकाला त्याची भीती वाटते.

‘हाय नून’ला चार ऑस्कर मिळाले. चित्रपटसृष्टीतल्या प्रत्येक निर्मात्याने तो पाहिला. म्हणजे हा माणूस शब्दाविना पडदा भरू शकतो, याचा पुरावा 1952 सालीच सगळ्यांसमोर होता. त्यातून हॉलीवूडने निष्कर्ष मात्र वेगळा काढला : गुंड हवा असेल तर याला बोलवा.

तेरा वर्षे तो काय करत होता?

मरत होता. हे विनोदाने म्हटलेले नाही, त्याच्या कामाचे ते जवळपास वर्णनच आहे. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत वेस्टर्नचा अक्षरशः कारखाना चालू होता. 1959च्या सुमारास तिथल्या टीव्हीवर मुख्य वेळेत 30च्या आसपास वेस्टर्न मालिका सुरू होत्या. प्रत्येक मालिकेला दर आठवड्याला एक नवा वाईट माणूस लागे आणि तो शेवटच्या जाहिरातीआधी मरावा लागे. ‘गनस्मोक’, ‘द रायफलमॅन’, ‘बोनान्झा’, ईस्टवूडला नाव मिळवून देणारी ‘रॉहाइड’ अशा मालिकांत व्हॅन क्लीफ येऊन गेला. ‘द रायफलमॅन’मध्ये तर तो वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी माणसे बनून आला. प्रेक्षकांना त्याचे वावडे नव्हते, कारण गुंडाला नाव असते हेच कोणी लक्षात ठेवत नसे.

या काळातल्या त्याच्या भूमिकांची यादी नीट पाहिली की एक गोष्ट खटकते. ‘द कॉन्करर’मध्ये (1956) तो मंगोल आहे. ‘चायना गेट’मध्ये (1957) तो इंडोचायनातला मेजर चाम आहे. ‘द ब्राव्हाडोस’मध्ये (1958) तो पार्राल नावाचा मेक्सिकन वळणाचा गुन्हेगार आहे. न्यू जर्सीच्या एका डच वंशाच्या माणसाला हॉलीवूड कधी आशियाई, कधी मेक्सिकन करत होते, कारण त्याचे डोळे बारीक आणि गालाची हाडे वर आलेली होती. ‘वाईट’ आणि ‘परका’ यांचा साचा एकच होता. ज्या काळात खऱ्या आशियाई, मेक्सिकन आणि मूलनिवासी कलाकारांना स्वतःच्याच भूमिका मिळत नव्हत्या त्या काळाची ही दुसरी बाजू आहे. तोटा दोन्हीकडे होता, मात्र सारखा नव्हता. व्हॅन क्लीफला निदान महिन्याचा किराणा भरता येत होता.

आणि या साच्यातही तो काम चोख करत होता. ‘द ब्राव्हाडोस’मध्ये ग्रेगरी पेक आपल्या पत्नीच्या मारेकऱ्यांचा पाठलाग करतो. पार्राल त्याच्या हाती लागतो. पेक त्याला पत्नीचे छायाचित्र दाखवतो. आपण या बाईला कधी पाहिलेलेच नाही, असे सांगत पार्राल जिवाची भीक मागतो. पेक त्याला मारतो. तो खरेच बोलत होता हे प्रेक्षकाला खूप नंतर कळते, आणि तेव्हा आठवतो तो व्हॅन क्लीफचा गयावया करणारा चेहरा. नायकाच्या सूडाची सगळी नैतिक किंमत त्या दोन-तीन मिनिटांत चुकती केलेली असते. जाहिरातीत अर्थातच पेक होता.

‘राइड लोनसम’ (1959) या बड बोटिकरच्या छोट्या पण घट्ट चित्रपटात त्याला आणखी कमी वेळ आहे. रँडॉल्फ स्कॉटच्या पत्नीला त्याने कधी काळी फासावर लटकवलेले असते. ती गोष्ट समोर येते तेव्हा आपण ती जवळपास विसरूनच गेलो होतो, असे तो म्हणतो. त्यात गुर्मी नाही, पश्चात्तापही नाही. एखादे जुने येणे-देणे आठवावे तसा सूर. क्रूरपणा असा थंड ठेवणारे अभिनेते त्या काळच्या वेस्टर्नमध्ये फार नव्हते.

याच सुमारास एका मोटार अपघातात त्याच्या गुडघ्याचा चुराडा झाला. पुन्हा घोड्यावर बसता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तो काही महिन्यांत घोड्यावर बसला खरा, पण ज्याचे पोटच घोड्यावर आहे त्याच्याकडे कामे कमी होत गेली. 1962 मध्ये जॉन फोर्डच्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये तो दिसतो तो ली मार्व्हिनच्या मागे उभा असलेला साथीदार म्हणून. गुंडाचा गुंड. त्यानंतर तो चित्रे रंगवून विकू लागला.

1965 मध्ये नेमके काय बदलले?

इटलीत सर्जिओ लिओनी नावाच्या दिग्दर्शकाने 1964 मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला होता. खर्च सुमारे 2 लाख डॉलर, नायक टीव्हीवरचा क्लिंट ईस्टवूड. तो इटलीत तुफान चालला. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या पुढच्या चित्रपटाला सुमारे 6 लाख डॉलर मिळाले आणि लिओनीला ईस्टवूडच्या तोडीस तोड असा वयाने मोठा दुसरा माणूस हवा होता. त्याच्या यादीत हेन्री फोंडा, चार्ल्स ब्रॉन्सन ही नावे होती. ली मार्व्हिनचे नाव बरेच पुढे गेले होते, पण ते जुळले नाही. त्याच वर्षी मार्व्हिन ‘कॅट बलू’मध्ये झळकला आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळाले. गंमत म्हणजे त्यातल्या त्याच्या दोन भूमिकांपैकी एक होती चांदीचे नाक लावलेल्या खलनायकाची. नाक या गोष्टीतून जायला तयार नाही.

लिओनीला ‘हाय नून’मधला तो मुका गुंड आठवत होता. शोधत तो लॉस एंजेलिसला आला. सांगितले जाते की केस पिकू लागलेला, ओबडधोबड कोटातला व्हॅन क्लीफ लांबून चालत येताना पाहूनच त्याने निर्णय घेतला. मार्व्हिनच्या मागे उभा राहणारा साथीदार मार्व्हिनच्या जागी आला. मानधन 17 हजार डॉलर. टेलिफोनचे बिल त्यातूनच भरले गेले.

इथपर्यंतची गोष्ट नशिबाची आहे, मान्य. पण पुढे जे झाले त्यामागे दोन तांत्रिक कारणे आहेत, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

पहिले कारण फिल्मच्या पट्टीत आहे. रुंद पडद्यासाठी हॉलीवूड ज्या भिंगांनी चित्रण करत होते ती प्रतिमा आडवी दाबून फिल्मवर घेत आणि दाखवताना पुन्हा पसरवत. सुरुवातीच्या या भिंगांची खोड अशी की कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला की चेहरा फुगे. कॅमेरामन त्याला चक्क गालगुंड म्हणत. त्यामुळे रुंद पडदा डोंगर, दऱ्या आणि घोड्यांच्या तांड्यांसाठी वापरला जाई, चेहऱ्यासाठी बेताने. लिओनी वापरत होता टेक्निस्कोप. यात 35 मिलिमीटर पट्टीवरच्या एका चौकटीला नेहमीच्या चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांची उंची मिळते. चौकट आपोआप रुंद होते, फिल्म निम्मी लागते आणि भिंग साधेच चालते. हे तंत्र पैसे वाचवण्यासाठी आले होते. त्याचा दुसरा फायदा असा की कॅमेरा चेहऱ्याला खेटून लावता येत होता आणि चेहरा फुगत नव्हता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट, घाम, सगळे स्पष्ट. ज्या पडद्यावर हॉलीवूडने डोंगर दाखवले, त्याच पडद्यावर लिओनीने दोन डोळे दाखवले.

दुसरे कारण आवाजाचे. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी आवाज ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत नव्हती. इटालियन, जर्मन, स्पॅनिश, अमेरिकन नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळे नंतर डब होई. म्हणजे सेटवर शब्दाचे मोल कमी. चेहरा, चाल, थांबणे यांचे जास्त. अमेरिकेत नटाची किंमत त्याच्या संवादांच्या ओळींवर ठरत होती. त्या हिशेबात व्हॅन क्लीफ ‘हाय नून’पासूनच शून्यावर होता. इटलीत मोजमापच वेगळे होते. कामगार तोच, हालचालही तीच, स्टॉपवॉच तेवढे दुसऱ्याच्या हाती गेले.

कर्नल मॉर्टिमर ही भूमिका का महत्त्वाची?

‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (1965) मधला कर्नल डग्लस मॉर्टिमर पहिल्यांदा दिसतो तो रेल्वेच्या डब्यात, बायबल वाचताना. गाडी थांबणार नसलेल्या ठिकाणी तो साखळी ओढून शांतपणे उतरतो. काळा कोट, तोंडात पाइप, घोड्याच्या खोगिराला गुंडाळलेल्या कापडात ओळीने लावलेल्या बंदुका. गुन्हेगारांना पकडून बक्षीस मिळवणे हा त्याचा धंदा आहे, असे आपल्याला वाटते. चित्रपट पुढे सरकतो तसे लक्षात येते की पैशात त्याला रस नाही. त्याच्याकडे गाणे वाजवणारे एक खिशातले घड्याळ आहे आणि तसेच दुसरे घड्याळ एका दरोडेखोराकडे आहे. त्या दोन घड्याळांमध्ये त्याच्या बहिणीचा मृत्यू आहे.

व्हॅन क्लीफ ही भूमिका कशी करतो हे पाहण्यासारखे आहे. ‘द ब्राव्हाडोस’मध्ये सूडाने पेटलेल्या माणसासमोर तो मारला गेला होता. इथे तोच सूड घ्यायला निघालेला आहे. पण तो आवाज चढवत नाही, दात-ओठ खात नाही. नवखा ईस्टवूड त्याला म्हातारा म्हणून डिवचतो तेव्हाही फक्त डोळे किंचित आणखी बारीक होतात. घड्याळाचे गाणे वाजत असताना कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि तिथे दुःख दिसते. तेच नाक, तेच डोळे. क्रेमरला जे नाक भल्या माणसाचे वाटले नव्हते ते एका शोकग्रस्त भावाचे म्हणून प्रेक्षकांनी एका मिनिटाचाही विचार न करता स्वीकारले. शेवटी सगळे बक्षीस ईस्टवूडला देऊन तो निघून जातो. प्रामाणिकपणे पाहिले तर हा चित्रपट ईस्टवूडचा नाही, व्हॅन क्लीफचा आहे.

वर्षभराने लिओनीने त्याला पुन्हा बोलावले. या वेळी मानधन एक लाख डॉलरच्या वर गेले आणि भूमिका थेट ‘बॅड’ची होती. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये सुरुवातीची सुमारे 10 मिनिटे कोणी एक शब्द बोलत नाही. व्हॅन क्लीफ एका शेतकऱ्याच्या घरात शिरतो, त्याच्यासमोर बसतो आणि त्याच्याच ताटलीतले जेवू लागतो. चमच्याचा आवाज तेवढा येतो. ‘हाय नून’मध्ये संवाद न देणे ही शिक्षा होती, इथे तोच त्याचा मान आहे. या चित्रपटात एका बाईला मारहाण करण्याचा प्रसंग आहे. खऱ्या आयुष्यात पडद्यावरही बाईवर हात उचलायला तो नाखूश होता, असे त्याच्याविषयी आवर्जून सांगितले जाते.

मग हे केवळ नशीब म्हणायचे का?

एकाच माणसाबाबत घडले असते तर म्हणता आले असते. पण लिओनीने हे पुन्हा पुन्हा केले. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (1968) सुरुवात आठवा. रेल्वे स्थानकावर तीन गुंड गाडीची वाट पाहत आहेत. ‘हाय नून’ला केलेला तो उघड नमस्कार आहे. त्या तिघांपैकी जॅक एलम ‘हाय नून’मध्येही होता, तुरुंगातल्या दारुड्याच्या भूमिकेत. तोही मूळचा हिशेबनीस, लहानपणी एक डोळा निकामी झालेला आणि त्या डोळ्यामुळेच आयुष्यभर गुंड म्हणून निवडला गेलेला. लिओनीने कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर लावला, एक माशी त्याच्या दाढीवर फिरू दिली आणि मिनिटे जाऊ दिली. दुसरा होता वुडी स्ट्रोड, हॉलीवूडने ज्याला अनेकदा नुसते उभे केले तो कृष्णवर्णीय अभिनेता. आणि या चित्रपटाचा नायक चार्ल्स ब्रॉन्सन. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960) आणि ‘द ग्रेट एस्केप’ (1963) मध्ये तो घोळक्यातला एक होता. युरोपात तो मोठा झाला आणि मगच ‘डेथ विश’ (1974) त्याच्या नावावर विकला गेला.

म्हणजे दोष या माणसांच्या अभिनयात नव्हता आणि प्रेक्षकांच्या आवडीतही नव्हता. लिओनीचे तिन्ही ‘डॉलर’ चित्रपट अमेरिकेत 1967 मध्येच प्रदर्शित झाले आणि तिथल्याच प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. अडत होते मधल्या मंडळींचे : निर्माता, स्टुडिओ, एजंट. ‘लोकांना हा चेहरा चालणार नाही’ हे त्यांचे वाक्य लोकांना न विचारता म्हटले गेले होते.

लिओनीला सुधारक ठरवण्याचेही कारण नाही. तोही चेहरा पाहूनच माणसे निवडत होता. फरक इतकाच की चेहरा पाहिल्यावर तो तिथे थांबत नव्हता. या चेहऱ्यामागे काय घडून गेले असेल, असा पुढचा प्रश्न तो विचारत होता.

‘शोले’शी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. लिओनीच्या चित्रपटांचे वारे मुंबईत पोहोचले आणि 15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ आला. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची छाया आहे, हे नवीन नाही. पण आणखी एक आकृती बघा. उंच खडकावर बंदूक घेऊन बसलेला, जवळजवळ न बोलणारा सांभा. ‘हाय नून’च्या पहिल्या दृश्यातल्या दगडावरच्या माणसाचा हा दूरचा भाऊच. मॅक मोहनची ही भूमिका मुळात मोठी होती, संकलनात ती कापली गेली आणि उरले मोजके शब्द. त्या शब्दांनी त्याला अजरामर केले आणि तिथेच बसवूनही ठेवले. 2010 मध्ये त्याचे निधन झाले तोवर त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कोणाच्या तरी मागे उभे राहणेच आले.

कालियाची भूमिका करणारे विजू खोटे तर आपले मराठी रंगभूमीवरचे. विनोदाची त्यांची जाण ‘अंदाज अपना अपना’मधल्या (1994) रॉबर्टने आणि मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’ने (1988) दाखवून दिली. पण 2019 मध्ये ते गेले तेव्हा बहुतेक बातम्यांच्या मथळ्यांत ‘कालिया’च होता. ‘शोले’ने लिओनीकडून धूळ घेतली, घोडे घेतले, शांतता घेतली. बाजूच्या माणसावर कॅमेरा थांबवून त्याला मध्यभागी आणण्याची त्याची सवय मात्र हिंदी चित्रपटसृष्टीने उचलली नाही. आजही अंधेरीतल्या कास्टिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गुंड टाइप’, ‘हीरो टाइप’ असेच शब्द फिरतात. क्रेमरची अट आता कोणी तोंडावर सांगत नाही एवढेच. ती आधीच टाइपच्या रकान्यात लिहिलेली असते.

पुढे व्हॅन क्लीफचे काय झाले?

पुढची काही वर्षे तो युरोपात खराखुरा स्टार होता. ‘द बिग गनडाउन’ (1966) त्यातला सर्वांत चांगला. सिनेटर होण्याची स्वप्ने पाहणारा एक शिकारी माणूस एका गरीब मेक्सिकनाचा पाठलाग करतो आणि आपण चुकीच्या माणसामागे आहोत हे हळूहळू त्याच्या लक्षात येते. व्हॅन क्लीफच्या चेहऱ्यावर ही शंका उगवताना दिसते. ‘डेथ राइड्स अ हॉर्स’ आणि ‘डे ऑफ अँगर’ (दोन्ही 1967) मध्ये तो तरुण पोराला बंदूक शिकवणारा पोक्त माणूस आहे. त्यानंतर आला ‘सबाटा’ (1969), आणि इथून घसरण सुरू झाली. काळा कोट, पाइप, चमत्कारिक बंदुका, हेच पुन्हा पुन्हा. एका साच्यातून सुटलेला माणूस दुसऱ्या साच्यात बसला. हा साचा बरा पैसे देत होता, पण साचाच होता. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत इटालियन वेस्टर्नची लाट ओसरली आणि त्याच्या चित्रपटांचा दर्जाही. काही तर न पाहिलेलेच बरे.

जॉन कार्पेंटरच्या ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’मध्ये (1981) तो पोलीस आयुक्त हॉक म्हणून आला आणि कर्ट रसेलसमोर टेबलामागे बसून त्याने दाखवून दिले की धार गेलेली नव्हती. 1984 मध्ये ‘द मास्टर’ या टीव्ही मालिकेत त्याला चक्क अमेरिकी निंजा केले गेले. मालिका 13 भागांत संपली. 16 डिसेंबर 1989 रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय 64. लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या थडग्यावर ‘वाइटांतला सर्वोत्तम’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

त्याचा चेहरा मात्र फिरतच राहिला. बेल्जियमच्या ‘लकी ल्यूक’ चित्रकथेत 1972 सालीच त्याच्यावर बेतलेला बक्षीसशिकारी आला होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणाऱ्यांनी एडविन व्हॅनक्लीफ नावाच्या दरोडेखोराला असंख्य वेळा मारले आहे. ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’मधला आणि नंतर ‘द बुक ऑफ बोबा फेट’मध्ये (2022) खऱ्या नटाने साकारलेला कॅड बेन हा बंदूकबाज तर उघडउघड त्याच्यावरून घडवलेला. तीच रुंद कडांची टोपी, तीच सावकाश चाल, तेच समोरच्याला तोलणारे डोळे. कॅड बेन परग्रहावरच्या ड्युरोस जमातीचा दाखवला आहे. या जमातीच्या लोकांना नाक नसते.